घरच्या शुश्रूषेचा जमाखर्च

नवीं शहरें वसविणारे लोक बहुधा तरुण माणसांचा विचार करतात. नोकरी, शाळा, बाजार, आगगाडी आणि राहण्यापुरतें घर, एवढ्या गोष्टी जमल्या म्हणजे शहर उभें राहिलें असें समजलें जातें. ठाण्याच्या खाडीपलीकडची नवी मुंबई याच विचारांतून जन्मास आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ च्या सुमारास मुंबईच्या गर्दीला पूर्वेकडे वाट काढून देण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली, ९५ गांवांच्या जमिनीवर नव्या शहराची आंखणी झाली, आणि १९७३ सालच्या आराखड्यांत वीस लाख वस्तीचें शहर कल्पिलें गेलें. पुढें १९९२ सालीं मानखुर्दहून लोहमार्ग वाशीस पोंचला व त्याच वर्षीं महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. २०११ च्या शिरगणतींत महानगरपालिकेच्या हद्दींत अकरा लाखांवर वस्ती भरली.

या शहरांत प्रथम बिऱ्हाड थाटणारीं पुष्कळ कुटुंबें मुंबईच्या चाळींतून आणि भाड्याच्या खोल्यांतून आलेलीं होतीं. कर्तीं माणसें नोकरींत, मुलें शाळेंत आणि म्हातारे आईबाप गांवीं, अशी अनेक घरांची मांडणी असे. ज्यांनीं तिशी-पस्तिशींत वाशीस किंवा नेरूळला घर घेतलें, ते आतां सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांचीं मुलें पुण्यास, बंगळुरास, दुबईस अथवा अमेरिकेंत आहेत. घरांत खोल्या मोकळ्या आहेत, परंतु उशापायथ्याशीं बसावयास माणूस नाहीं. पक्षाघाताचा झटका येतो, मांडीचें हाड मोडतें किंवा स्मृति हळूहळू मालवूं लागते, आणि इस्पितळांतून घरीं आणलेल्या दुखणाइताची उस्तवार कोणी करावी, तिचें मोल कोणी द्यावें, हे दोन प्रश्न एकाच दिवशीं दारांत उभे राहतात.

पैसे देऊन घरीं माणूस ठेवावा लागतो, याची अनेकांस खंत वाटते. पूर्वीं असें नव्हतें, पूर्वीं घरचीं माणसें प्रेमानें करीत, असा एक समज आहे. तो समज अर्धाच खरा आहे. प्रेम होतें यांत शंका नाहीं. परंतु ती सेवा विनामूल्य होती असें म्हणतां येत नाहीं. तिचें मोल कोणी तरी देत होतेंच. तें किर्दीला लागत नव्हतें, इतकेंच.

जुन्या वाड्यांत दुखणाइताचें करणारी व्यक्ति बहुधा ठरलेली असे. एखादी विधवा आत्या, माहेरीं परत आलेली बहीण, दीराच्या आश्रयास राहिलेली भावजय, किंवा घरांतली धाकटी सून. पथ्याचें अन्न करणें, मळलेलीं अंथरुणें धुणें, रात्र रात्र जागून औषधाच्या मात्रा उगाळणें, हें सर्व तिच्या वांट्यास येई. त्याबद्दल तिला मिळे तें दोन वेळचें जेवण, वर्षाकाठीं लुगडें आणि डोक्यावर छप्पर. त्या बाईस दुसरी वाट नव्हती. म्हणूनच ती सेवा स्वस्त पडे. सोळाव्या-अठराव्या वर्षीं वैधव्य आलेल्या मुलीचें सारें आयुष्य एका घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या पाठोपाठच्या दुखण्यांत खर्ची पडे, आणि हा खर्च कोणत्याहि वहींत मांडला जात नसे.

गांवगाड्याकडे पाहिलें तरी हीच गोष्ट दिसते. बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना जागा होती. दुखणाइताची शुश्रूषा करणारा बलुतेदार मात्र नव्हता. न्हावी तेल चोळी, जखमा बांधी. वैद्य नाडी पाही आणि औषध देई. बाळंतपणास सुईण येई व तिला धान्य, खण, लुगडें-चोळी देण्याची रीत होती. परंतु सुईणीचें काम दहा-बारा दिवसांचें. वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा हा धंदा होऊं शकतो, ही कल्पनाच गांवगाड्यास ठाऊक नव्हती; कारण तें काम घरच्या बाईचें, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

घरच्या शुश्रूषेवर लोकांचा जीव किती होता, हें १८९६ सालच्या प्लेगनें दाखवून दिलें. मुंबईंत सप्टेंबर महिन्यांत सांथ उघडकीस आली आणि रोग्यांना घरांतून उचलून इस्पितळांत नेण्याचे हुकूम सुटले. लोकांना रोगाइतकीच या नेण्याची धास्ती वाटूं लागली. ऑक्टोबरांत गिरणी कामगारांच्या एका जमावानें आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँडसाहेबाच्या अमलाखालीं गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेऊं लागले, आणि त्याचा शेवट २२ जून रोजीं रँडवर झाडलेल्या गोळींत झाला. या प्रक्षोभाचीं कारणें अनेक होतीं. परंतु आपलें माणूस परक्यांच्या हातीं, आपल्या नजरेआड मरणार, ही वेदना त्यांच्या मुळाशीं होती. मुंबईच्या अधिकाऱ्यांस तें पुढें उमगलें. निरनिराळ्या जातीजमातींना आपापलीं प्लेग-इस्पितळें उघडण्यास परवानगी मिळाली, आणि तेथें नातलगांना रोग्यापाशीं राहूं देण्यांत येऊं लागलें. याच सांथींत पुण्याजवळ आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. परक्या माणसाच्या दुखण्यापाशीं बसणारी बाई महाराष्ट्रानें त्या दिवसांत पाहिली.

शुश्रूषा ही शिकण्याची विद्या आहे आणि ती शिकलेल्या व्यक्तीस वेतन द्यावयाचें असतें, हा विचार त्यापूर्वींच युरोपांत रुजला होता. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचें अखेरचें दुखणें मेरी रॉबिन्सन या परिचारिकेनें सांभाळलें होतें. जें सुख आपल्या श्रीमंत घराला विकत घेतां आलें, तें गरिबांच्या घरीं कोण नेणार, असा प्रश्न रॅथबोन यांना पडला, आणि १८५९ सालीं त्यांनीं त्याच बाईंस पगार देऊन शहरांतील गरीब वस्तींत घरोघर जाण्याच्या कामावर नेमलें. घरीं जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची इंग्लंडांतील संघटित पद्धति येथून सुरू झाली. मुंबईंत सर जमशेटजी जीजीभाई इस्पितळ १८४५ पासून होतें, आणि १८८६ सालीं स्त्रियांचें कामा इस्पितळ उघडलें. या सुमारास येथें परिचारिकांच्या शिक्षणास आरंभ झाला. जे. जे. इस्पितळांत १८९१ सालीं शिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचें नांव या विद्येच्या इतिहासांत पहिली हिंदी विद्यार्थिनी म्हणून नोंदलेलें आहे.

तथापि पांढरपेशा घरांतील बायका या धंद्यांत येण्यास पुष्कळ अवकाश होता. सर्व जातींच्या रोग्यांना शिवणें, परपुरुषाचें अंग पुसणें, रात्रपाळीस घराबाहेर राहणें, या तिन्ही गोष्टी निंद्य मानल्या जात. ही अढी काढण्याचें मोठें काम पुण्याच्या सेवासदनानें केलें. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं वारल्यावर रमाबाई रानडे सार्वजनिक कामांत अधिकाधिक शिरल्या, आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें १९०९ सालीं त्यांनीं पुणें सेवासदन उभारलें. संस्थेनें विधवांना व परित्यक्तांना ससून इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास पाठविलें, त्यांच्यासाठीं वसतिगृह ठेवलें आणि त्यांच्या चारित्र्याची जामिनकी स्वतः पत्करली. धोंडो केशव कर्वे यांच्या १८९६ सालच्या अनाथ बालिकाश्रमानें विधवेस शिक्षणाची वाट दाखविली होतीच. सेवासदनानें तिला वेतनाची वाट दाखविली. घरांतल्या कोपऱ्यांत जी बाई लुगड्यावर आणि दोन घांसांवर राबत होती, तीच आतां तेंच काम शिकून, गणवेष घालून, महिन्याचा पगार घेऊं लागली. शुश्रूषेचें मोल उघड्यावर मांडलें गेलें तें हें असें.

मोल ठरलें कीं प्रत ठरवावी लागते. मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, आणि १९६६ सालीं महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका अधिनियम झाला. कोणी किती शिकावें, परीक्षा कोणी घ्यावी, नांव कोणत्या वहींत असावें, हें सर्व ठरलें. त्यांतून इस्पितळाची परिचारिका समाजांत मान्यता पावली. परंतु याच व्यवस्थेंतून एक दुसरा वर्ग निर्माण झाला, त्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. जिनें परीक्षा दिलेली नाहीं, पण इस्पितळांत आया म्हणून राबून जी उचलणें, कुशीवर वळविणें, अंग पुसणें, भरविणें हें सर्व शिकली आहे, तिचें नांव कोणत्याच वहींत आलें नाहीं. आणि घरीं अंथरुणास खिळलेल्या माणसास दिवसांतून चोवीस तास जिची गरज लागते, ती व्यक्ति बहुधा हीच असते. नवी मुंबईंतल्या घरांत तिला ‘मावशी’ म्हणतात. पुरुष असला तर ‘मामा’.

सेवा कोणी करावी या प्रश्नाची वाटचाल अशी झाली. खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न न्यायालयांतून पुढें सरकला. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें वृद्ध अथवा पंगु आईबापांचा सांभाळ करण्याचें बंधन मुलगा व मुलगी या दोघांवर घातलें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नें सर्व धर्मांच्या आईबापांना निर्वाहाची मागणी दंडाधिकाऱ्याकडे नेण्याची सोय केली. तरीहि लग्न झालेली मुलगी परक्या घरची, तिच्याकडे कसें मागावें, हा संकोच कायम होता. तो संकोच मोडणारा खटला नवी मुंबईच्या शेजारीं, कल्याणास उभा राहिला. तेथें दवाखाना चालविणाऱ्या एका विवाहित डॉक्टर महिलेवर तिच्या वडिलांनीं निर्वाहासाठीं अर्ज केला. कलमांतील शब्द ‘त्याचे आईवडील’ असे पुल्लिंगी आहेत, म्हणून ही जबाबदारी मुलाचीच, मुलीची नव्हे, असा तिचा बचाव होता. दंडाधिकाऱ्यानें आणि मुंबई उच्च न्यायालयानें तो मानला नाहीं, आणि १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांच्याच बाजूनें निर्णय दिला. मुलगी विवाहित असली, तरी ती कमावती आहे आणि वडील निराधार आहेत, तर तिनें द्यावें, असा दंडक त्यामुळें भारतभर लागू झाला. जिच्या पूर्वजांच्या घरांतील बायकांनीं शतकानुशतकें हातांनीं दिलें, तिच्याकडून आतां रोकड मागतां येऊं लागली. न्यायाच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. पण त्यांत एक बाकी राहून गेली. निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा व औषध एवढेंच गणलें गेलें. जवळ बसणाऱ्या माणसाचा पगार कोणी स्वतंत्रपणें मोजला नाहीं.

२००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू व नात यांच्याकडून निर्वाह मिळवून देण्याचा अधिकार त्यास आहे. वकिलाचा खर्च नाहीं, निकाल थोडक्यांत लागावा अशी योजना आहे. परंतु निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपयांवर ठेवण्यांत आली. नवी मुंबईंत बारा तासांची एक मावशी महिनाभर ठेवावयाची तर तिचें मोल या रकमेंत बसत नाहीं, मग दिवस-रात्रीच्या दोन माणसांची गोष्ट दूरच राहिली. ही उणीव सरकारच्या ध्यानांत आली होती. डिसेंबर १९ या वर्षाच्या, म्हणजे २०१९ च्या अखेरीस लोकसभेंत आलेल्या दुरुस्ती विधेयकांत ही मर्यादा काढून टाकण्याची तरतूद होती. शिवाय घरीं जाऊन सेवा पुरविणाऱ्या संस्थांनीं नोंदणी करावी व त्यांच्या कामाची किमान प्रत ठरवावी, असेंहि त्यांत म्हटलें होतें. घरच्या शुश्रूषेस कायद्यानें तिच्या नांवानें हांक मारली ती येथें. परंतु तें विधेयक संमत झालें नाहीं, आणि २०२४ सालीं लोकसभेची मुदत संपतांच तें व्यपगत झालें.

विम्याची कथा याहून वेगळी नाहीं. सरकारी विमा कंपन्यांनीं १९८६ सालीं मेडिक्लेम योजना काढली. इस्पितळांत खाट मिळत नसेल किंवा रोग्यास हलवितां येत नसेल, तर घरीं झालेल्या उपचारांचा खर्चहि कांहीं अटींवर देण्याची सोय अशा विम्यांत असते. २०२० च्या जुलैंत कोरोना कवच या नांवाचा विमा निघाला, त्यांत घरीं घेतलेल्या उपचारांचा चौदा दिवसांपर्यंतचा खर्च धरला होता. त्या वर्षीं वाशींतील सिडकोचें प्रदर्शन केंद्रच इस्पितळ झालें होतें. घरीं उपचार घेण्यावांचून पुष्कळांना गत्यंतर नव्हतें. परंतु हे सर्व विमे आजारासाठीं असतात. बरा होणारा रोग आणि संपणारी मुदत, यांवर त्यांचा हिशोब बसविलेला असतो. ज्याला रोज उठवून बसवावें लागतें, भरवावें लागतें, आणि हें किती वर्षें चालेल तें कोणी सांगूं शकत नाहीं, अशा माणसाची मावशी साधारण विम्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणून नवी मुंबईंत हा पैसा येतो तो निवृत्तिवेतनांतून, मोडलेल्या ठेवींतून, परदेशच्या मुलाच्या हुंडींतून, आणि कधीं कधीं राहतें घर विकून.

इतर कांहीं ठिकाणीं हा भार समाजानें वांटून घेतला आहे. जर्मनींत १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. तेथें दुखणाइतास बाहेरची सेवा घेतां येते, किंवा घरच्याच माणसानें सेवा केली तर तिच्याबद्दल रोख भत्ता मिळतो. सेवा करणाऱ्या नातलगाच्या निवृत्तिवेतनांतहि भर पडते. जपाननें २००० सालीं असाच विमा काढला. त्यांत चाळिशी गांठलेल्या प्रत्येकानें हप्ता भरावयाचा, आणि परत मिळावयाची ती रोकड नव्हे, सेवा. आपल्याच देशांत केरळानें तिसरी वाट धरली. कोझिकोड येथें १९९३ सालीं वेदनाशमनाची एक संस्था निघाली, तिच्या प्रेरणेनें आसपासच्या गांवांतील स्वयंसेवक असाध्य रोग्यांच्या घरीं जाऊं लागले, आणि २००८ सालीं राज्य सरकारनें हें धोरण म्हणून स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यांत गोंविलें. या तिन्ही पद्धती एकमेकींपासून भिन्न आहेत. परंतु घरांत बसून केलेली सेवा हें मोजण्याजोगें काम आहे, ही गोष्ट तिघींनींहि प्रथम मान्य केली आहे.

महाराष्ट्रांत अशी मोजणी करण्याची परंपरा नाहीं असें कोणी समजूं नये. तिचा उत्तम नमुना नवी मुंबईंतच आहे. मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत पाठीवर ओझीं वाहणाऱ्या माथाडी कामगारास पूर्वीं कायमचा मालक नसे. आज या पेढीवर, उद्यां त्या गुदामांत. मजुरी मुकादमाच्या मर्जीवर, दुखापतीस भरपाई नाहीं, म्हातारपणीं निर्वाह नाहीं. अण्णासाहेब पाटील यांनीं या कामगारांना संघटित केलें आणि १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ति साधी होती. कामगार व मालक या दोघांनींहि मंडळाकडे नांव नोंदवावें. मालकानें मजुरी आणि तिच्यावरील ठराविक आकार मंडळाकडे भरावा. मंडळानें त्यांतून कामगारास मजुरी, भविष्य निर्वाह निधि, उपदान, बोनस आणि रजेचा पगार द्यावा. मालक बदलत राहिला तरी कामगाराचें खातें एकच राहतें. १९८१ पासून घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानें तुर्भ्याकडे आले, त्यांच्यामागोमाग माथाडी कुटुंबेंहि खाडीपलीकडे आलीं आणि कोपरखैरणें-घणसोलीच्या वसाहतींत स्थिरावलीं.

याच धर्तीवर १९८१ सालीं खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीं कायदा झाला. सोसायटीच्या फाटकावरचा प्रत्येक रखवालदार त्या मंडळाकडचा असतो असें नव्हे. तथापि त्याच्यासाठीं कायदा व मंडळ आहे. फाटकांतून आंत येऊन तिसऱ्या मजल्यावर दुखणाइतापाशीं रात्र काढणाऱ्या मावशीस मात्र असें कांहीं नाहीं. २००८ सालच्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यांत घरकाम करणाऱ्यांची नोंदणी आणि प्रसूति, मुलांचें शिक्षण, अंत्यविधि यांसाठीं साहाय्य आहे. पण मजुरीचा दर ठरविणें, कामाचे तास बांधणें, मजुरी मंडळामार्फत देणें, हीं माथाडी कायद्याचीं मुख्य अंगें त्यांत नाहींत. घरकामगारांना योग्य वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें २०११ सालीं १८९ क्रमांकाचा करार केला. भारतानें त्याच्या बाजूनें मत दिलें, परंतु तो अद्याप अंगीकारलेला नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें घरकामगारांसाठीं स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितलें.

एखाद्या घरीं हा व्यवहार कसा चालतो तें पाहिलें, म्हणजे या उणिवेचा अर्थ कळतो. इस्पितळांतून घरीं सोडण्याची चिठ्ठी मिळते, आणि घरचे लोक ब्यूरोस दूरध्वनि करतात. ब्यूरोवाला बारा तासांचा व चोवीस तासांचा असे दोन दर सांगतो, कांहीं रक्कम आगाऊ घेतो आणि दुसऱ्या दिवशीं माणूस पाठवितो. घरानें दिलेल्या रकमेंतून ब्यूरोचा वांटा वजा होऊन उरलेली मजुरी मावशीच्या हातीं पडते. तो वांटा किती, हें पुष्कळदां घराला ठाऊक नसतें. चोवीस तासांच्या मावशीनें झोपावें केव्हां, हें कागदावर लिहिलेलें नसतें. तिनें अंग पुसावें, भरवावें, फिरवावें. पण घरचे लोक तिलाच सुई टोंचावयास किंवा नळी बदलावयास सांगतात, आणि तें काम नोंदणी झालेल्या परिचारिकेचें आहे हा भेद विसरला जातो. एखाद्या दिवशीं ती येत नाहीं. तिच्या स्वतःच्या घरीं, तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या वस्तींत, कोणी आजारी असतें. आणि त्या आजाऱ्यापाशीं बसावयास तिची दहावींतली मुलगी शाळा बुडविते. वाड्यांतल्या आत्याबाईंनीं जें बिनहिशोबी मोल दिलें, तें आज त्या मुलीकडे सरकलें आहे.

म्हणून या विषयांत घराघरानें करण्याजोगें जें आहे, तें कायद्याची वाट न पाहतां करतां येतें. काम, तास व विश्रांतीची वेळ आरंभींच लिहून ठेवावी. आठवड्याची सुट्टी धरून, त्या दिवसाच्या बदली माणसाचा खर्च प्रथमपासूनच हिशोबांत घ्यावा. ब्यूरोचा वांटा किती आणि मावशीच्या हातांत पडतें किती, हें विचारावें. परिचारिकेचें काम परिचारिकेकडून करवावें आणि तिची नोंदणी पाहावी. भावंडांनीं खर्चाची वांटणी करतांना, जो दूर राहून पैसे पाठवितो त्याच्या रकमेबरोबर, जवळ राहून रोज वेळ देणाऱ्याचा वेळहि जमेस धरावा. तो बहुधा सुनेचा किंवा लेकीचा असतो, आणि म्हणूनच मोजावयाचा राहतो. घरांच्या शिस्तीनें सर्व प्रश्न सुटतील असें नाहीं. मर्यादेची रक्कम वाढविणें, संस्थांची नोंदणी करणें, आणि माथाडीप्रमाणें मावशीचें खातें एका मंडळाकडे ठेवणें, हीं कामें कायद्याचींच आहेत.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं सेवासदनानें एका तिरस्कृत कामास विद्या, वेतन आणि मान या तिन्ही गोष्टी मिळवून दिल्या. त्या इस्पितळाच्या दारापर्यंत पोंचल्या. घराच्या उंबरठ्याआंत त्या अजून पुऱ्या शिरलेल्या नाहींत. नवी मुंबईंत म्हातारपण आतां कोठें सुरू होत आहे, आणि ज्या सोसायट्यांत आज एका मजल्यावर एक मावशी येते, तेथें थोड्याच वर्षांत तीन-चार येऊं लागतील. तोंपर्यंत तिचा हिशोब नीट मांडला गेला, तर तिची मुलगी दहावीच्या परीक्षेस बसूं शकेल, आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांनाहि रोज तेंच ओळखीचें माणूस उशाशीं दिसेल.